आत्याची हनुवटी

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये पेरू खात होते. समोरच्या दातांनी तोडून. पंचविशीपर्यंत मला ते जमत नव्हतं आणि आत्याला तर जन्मभर जमलं नाही… आमच्या दोघींचा खालचा जबडा पुढं आलेला, त्यामुळे पुढचे दात एकमेकांना भेटतच नसत. आत्या लासूर स्टेशनला ब्लाउज शिवायची. बघायला आलेली स्थळं तोंड बघून परत गेली, तेव्हा तिनं तो नादच सोडला. माझ्या वेळी मात्र तीच मागं लागली, "माझ्यासारखी बसू नको. डॉक्टरला दाखव."

दीड वर्ष तारा लावून दात रांगेत आले, मग सर्जनकडे ती सोबत आली. डॉक्टरांनी प्लास्टरच्या साच्यावर दाखवलं… वरचा जबडा आडवा कापून पुढं घ्यायचा, खालचा दोन्हीकडून दाढांमागे चिरून मागं सरकवायचा आणि टायटॅनियमच्या पट्ट्या स्क्रूंनी बसवायच्या. सगळं तोंडाच्या आतून. "सुतारकामच हाय की," आत्या म्हणाली. डॉक्टर हसले, म्हणाले, "तुमचंही करता येईल." तर म्हणे, "राहू द्या. समदं स्टेशन मला ह्याच तोंडानं वळखतंय."

ऑपरेशननंतर दात रबरांनी बांधलेले, सहा आठवडे नुसतं पातळ. आत्या मुकुंदवाडीला आमच्या घरी येऊन राहिली. ज्वारीची आंबील गाळून सिरिंजनं माझ्या गालात सोडायची आणि स्वतःही तीच प्यायची. मी मोबाइलवर लिहून दाखवलं, "तू तरी भाकरी खा." "तुझ्या म्होरं? नाय उतरत घशाखाली."

सूज ओसरली तेव्हा मी आरशासमोर उभी राहिले, ती मागं होती. आरशात पहिल्यांदाच दोन वेगळे चेहरे दिसले. "लई चांगली दिसती," एवढंच बोलून ती घासलेली भांडी पुन्हा घासायला गेली. तिचं तोंड मी टाकून दिलं, असं तिला वाटलं असेल का? चार वर्षं हे मला खात होतं आणि मी भित्री, एकदाही विचारलं नाही. तिच्याशेजारी फोटोला उभं राहायचंही टाळायचे.

दहाव्याला लासूरला गेले. आत्याच्या शेजारच्या शकीलाचाची मला बघून थबकल्या. "तूच ना ती फोटोवाली? तुझी आत्या तुझा फोटो मशीनच्या खणात ठेवती व्हती. कपडा घेऊन येणाऱ्या हर बाईला दाखवायची."

"काय सांगायची?"

चाचींनी ओढणीनं डोळे पुसले. "म्हणायची, बघा, मी अशी दिसली असती."

मी तिथंच खाली बसून रडले. मशीन आता माझ्या घरी आहे. मला शिवता येत नाही. खणात बॉबिन, खडू आणि तो फोटो तिनं ठेवला तसाच आहे.