गावात न मावलेला डीजे

माझ्या लग्नाचा डीजे थोरल्या चुलत्यांनी ठरवला. त्यांची हयात घोडेगावच्या बाजारात बैल पारखण्यात गेलेली. श्रीरामपूरच्या डीजेवाल्याकडे त्यांनी स्पीकरभोवती दोन फेऱ्या मारल्या, खोक्यांवर थापा मारल्या आणि सगळ्यात उंच डीजे पसंत केला. बैलाचे निदान दात तरी बघतात. मी म्हणालो, “आण्णा, एखादं गाणं ऐकू की.”

“एवढा दांडगा हाय, वाजंलच की.”

लग्नाच्या दिवशी डीजेचा टेम्पो आमच्या गावच्या कमानीत अडकला. सगळं वऱ्हाड तो काढायला धावलं. मी नवरदेव, बाशिंग बांधून एकटाच मारुतीच्या पाया पडून आलो, तरी कुणाला पत्ता नाही. चुलते टेम्पोपाशी उभे राहून पाहुण्यांना अभिमानानं सांगत होते, “बघा, आपला डीजे गावात मावंना.”