दोन भोकांचा नंबर

केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर असलेल्या सुगत रामटेक्यांना जन्मात कधी स्वस्थ बसता आलं नाही. पंचावन्नाव्या वर्षी दिल्लीच्या हाफ मॅरेथॉनला नाव घातलं, तेही त्यामुळेच. धावताना लावायचा कागदी नंबर मिळाला, पण पिना टोचून नवाकोरा टीशर्ट कोण खराब करणार? त्यांनी ऑफिसातल्या पंचिंग मशीनने नंबराला दोन भोकं पाडली, फायलीची लांब नाडी ओवली आणि तो कमरेला बांधला.

दर पाच किलोमीटरला वेळ नोंदली जाणार, ती मयूर विहारच्या घरी मुलीला, उन्नतीला, मोबाइलवर दिसणार आणि दिसली की ती फोन करणार, असं ठरलं होतं.

पाच किलोमीटर झाले, फोन नाही. दहा झाले, तरी नाही. घरी काही झालं तर नाही ना? बायकोचं बीपी? थांबून आपणच फोन करावा, तर वेळ वाया जाणार! पंधराव्या किलोमीटरला काळजीचा संताप झाला आणि आयोजकांविरुद्धचा तक्रार अर्ज मुद्द्यांसकट डोक्यात तयार झाला.

शेवटची रेघ ओलांडताच त्यांनी फोन लावला.

"यार बाबा, आहात कुठे? अ‍ॅपवर तुम्ही अजून निघालेलेच नाही!"

रामटेक्यांनी तणतणत नंबर सोडून उलटा केला. मागे वेळ नोंदणारी चिप चिकटवलेली होती. डावं भोक बरोब्बर तिच्यातून आरपार गेलं होतं.

तीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून एकही कागद भोक पाडल्याशिवाय पुढे गेला नव्हता.