पुसलेली खूण

प्रोफेशनल टेनिस खेळाडू म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे विमानं, जाहिराती आणि चकचकीत बॅगा येतात. भिंगरीच्या बॅगेची चेन पहिल्याच वर्षी तुटली होती आणि बॅग सुतळीनं बांधून ती गावोगाव हिंडत होती. प्रवास बहुतेक बसचा. खोली दुसऱ्या कुठल्यातरी खेळाडूबरोबर वाटून घेतलेली. मोजे बेसिनमध्ये धुवायचे आणि सकाळपर्यंत वाळले नाहीत तर हेअर ड्रायरनं वाळवायचे. जगाच्या क्रमवारीत तिचं नाव होतं, हे मात्र खरं. शेवटून शोधायला घेतलं तर लगेच सापडायचं.

भिंगरी हे नाव क्लबातल्या मेंबरांनी ठेवलेलं. बाबा त्या क्लबात कोर्ट सांभाळायचे. लाल मातीची कोर्टं म्हणजे तान्ह्या पोराचं करण्यासारखंच काम. पाणी मारा, रोलर फिरवा, जाळी ओढून माती सारखी करा, रेषा झाडा, आणि मेंबर तासभर नाचून गेले की पुन्हा पहिल्यापासून. पोरगी चालायला लागली तशी छोटा झाडू घेऊन बाबांच्या मागं फिरू लागली, आणि कोर्ट रिकामं दिसलं की भिंतीवर चेंडू बडवू लागली. बाबांनी तिला फोरहँड शिकवला नाही, कारण तो त्यांना येतच नव्हता. त्यांनी एवढंच शिकवलं की मातीवर खूण दिसली की तिथल्या तिथं पायानं सारखी करायची, दुसऱ्यावर टाकायची नाही. ते तिच्या अंगात असं मुरलं की बसस्टॉपवर उभी असली तरी तिचा बूट माती सारखी करत असायचा. मैत्रिणी खो-खो हसायच्या.

शाळेच्या वयात तिनं आसपासच्या सगळ्या मुलींना लोळवलं. मेंबरांनी टाळ्या वाजवल्या, सेक्रेटरींनी कोर्ट फुकट दिलं, आणि कुणीतरी उंटावरचा शहाणा म्हणाला, "हिला मोठ्या स्पर्धांना पाठवा." पाठवलं. तिथं कळलं की प्रत्येक गावात एक भिंगरी असते आणि त्या सगळ्या तिथं आलेल्या असतात. हरणं हा रोजचा धंदा झाला. पुष्कळ स्पर्धा हरल्यावर एकदा मुख्य फेरीतली एक मॅच ती जिंकली, तेव्हा तिला एक पॉइंट मिळाला. एकच. त्या एका पॉइंटावर जगाच्या क्रमवारीत नाव आलं. बाबांनी क्लबातल्या झाडूवालीपासून डॉक्टर मेंबरांपर्यंत सगळ्यांना मोबाइल दाखवला.

पण हा पॉइंट वर्षभरच टिकतो. तेवढ्यात दुसरा मिळवला नाही तर नाव पुसलं जातं आणि पुन्हा दाराबाहेरची रांग. वर्ष संपत आलं होतं आणि हातात एकच स्पर्धा उरली होती. निघताना बाबा म्हणाले होते, "पहिली मॅच जिंकलीस तर आणखी एक वर्ष खेळ. हरलीस तर घरी ये. सेक्रेटरी लहान मुलांना शिकवायला माणूस शोधतायत. तुझ्यासाठी थांबलेत." बोलताना त्यांनी कमरेवर हात धरला होता. रोलर आता त्यांना एका दमात ओढवत नव्हता, हे तिलाही दिसत होतं.

समोर होती एक डावखुरी मुलगी, वयानं लहान. तिचा कोच वेगळा, पाण्याची बाटली पुढं करणारी आई वेगळी. भिंगरीच्या बाजूनं एक रिकामी खुर्ची आणि तिच्यावर टॉवेल. तरी ती त्या दिवशी जीव तोडून खेळली. प्रत्येक चेंडूला पोचली. तिसऱ्या सेटमध्ये मॅच पॉइंट तिचा होता. डावखुरीनं जोरात मारलेला चेंडू मागच्या रेषेच्या पलीकडे, चांगला चार बोटं बाहेर पडला.

"आउट!" अंपायर म्हणाले.

भिंगरीनं डोळे मिटले. जिंकली होती ती. त्या आनंदात तिचा उजवा बूट आपण होऊन पुढं गेला आणि चेंडूची खूण सारखी करून आला.

जाळीपलीकडून डावखुरी ओरडली, "खूण बघा! मला खूण बघायची आहे!"

अंपायर खुर्चीवरून उतरून आले. मातीच्या कोर्टावर खूण हाच साक्षीदार. आपल्या बाजूची खूण आपणच पुसली तर चेंडू आत होता असं कबूल केल्यासारखं धरतात आणि पॉइंट समोरच्याला जातो. हा नियम भिंगरीला पाठ होता. नव्या मुलींना तिनं स्वतः तो सांगितला होता. पण जित्याची खोड! तिथं माती अशी गुळगुळीत होती की बाबांनी शाबासकी दिली असती.

"मलाही बाहेरच दिसला होता," अंपायर हळू आवाजात म्हणाले, "पण माझा इलाज नाही."

हातातोंडाशी आलेला घास गेला. त्यानंतरचे पॉइंट कसे गेले ते तिला आठवलंच नाही.

कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून ती पोटभर रडली. आणि रडून झाल्यावर, खरं सांगायचं तर, तिला बरं वाटलं. सुटले एकदाची. आता घर, लहान मुलं, संध्याकाळी आईबरोबर चहा. बाबांच्या हातातला रोलर आपण ओढायचा. तिनं फोन लावला.

"मोबाइलवर स्कोअर बघत होतो," बाबा म्हणाले. "मॅच पॉइंट होता ना तुझा? मग एकदम बरोबरी कशी झाली?"

तिनं श्वास घेतला. खरं सांगितलं तर हा माणूस मरेपर्यंत स्वतःला माफ करणार नाही. कोर्टावर जाळी ओढताना रोज त्याला हेच आठवेल.

"तिचा बॉल रेषेवर पडला, बाबा. आत होता. फार भारी मारला तिनं."

"म्हणजे तुझी चूक नव्हती?"

"नव्हती."

"घरी ये" हे दोन शब्द ऐकायला भिंगरीनं फोन कानाशी घट्ट धरला.

"मग ही हार कसली? हे नुसतं नशीब!" बाबांचा आवाज चढला होता, पण रागानं नव्हे. "चुकली असतीस तर म्हटलं असतं, बास झालं. पण इतक्या जवळ गेलीस, तेही स्वतःच्या हिमतीवर. अशी कशी सोडायची? आणखी एक वर्ष. सेक्रेटरींना आत्ता जाऊन सांगतो, ती नोकरी दुसऱ्या कुणाला द्या. रात्रीची राखणही मीच मागून घेतो."

"बाबा, तुमची कंबर…"

"कंबर काय, निजलो तरी दुखतेच."

"बाबा, ऐका ना. तो बॉल…"

पण तेवढ्यात आईनं त्यांच्या हातातून फोन घेतला होता. "काय जादू केलीस गं? तुझ्या मॅचच्या काळजीनं सकाळपासून घशाखाली काही उतरलं नव्हतं यांच्या. आता बघ, हसतायत. काय म्हणत होतीस तू?"

"काही नाही," भिंगरी म्हणाली.

मागून बाबा मोठ्यानं विचारत होते, पुढची स्पर्धा कुठं आहे. तिनं गावाचं नाव सांगितलं.