पायांशी अनंत घेऊन कात्रप ते पालेगाव

मे महिन्यात लोक महाबळेश्वरला जातात. आम्ही उल्हासनगरला गेलो. कारण एक कुंडी.

कुंडीत अनंताचं झाड होतं, माझ्या वत्सला आत्याच्या पालेगावच्या अंगणातलं. पालेगाव म्हणजे अंबरनाथ पूर्वेचं गाव. तिथे कालपरवापर्यंत भात व्हायचा, आता टॉवर होतात. आत्याचं घर, विहीर आणि विहिरीकाठचा पुरुषभर उंचीचा अनंत असं सगळं बिल्डरकडे गेलं, बदल्यात चौदाव्या मजल्यावर फ्लॅट आला. अंगण जायच्या आदल्या पावसाळ्यात आत्याने अनंताच्या एका फांदीला गुटी बांधली. म्हणजे थोडी साल सोलून तिथे ओलं शेवाळ गुंडाळलं, वरून प्लास्टिक बांधलं. मुळं फुटल्यावर मला बोलावलं. फांदी कापून तयार होती. मी सभ्यपणे विचारलं, "आत्या, नेऊ ना?" तर ती खेकसली, "मागू नको गं. मागून नेलेलं झाड रुसतं. चोरून न्यावं."

मग ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली आणि पाठमोरीच सूचना देऊ लागली. "पिशवी ओटीवर हाय. शेणखताची पुडी आत टाकलीय. उंबऱ्याला ठेच लागंल, बघून जा." इतकी सोयीची चोरी मला पुन्हा कधी जमली नाही.

मूळ झाड पुढे जेसीबीखाली गेलं. त्यामुळे आत्याच्या अनंताचा एकुलता एक वारस बदलापुरात कात्रपला, आमच्या गच्चीवर, सिमेंटच्या कुंडीत. दर रविवारी आत्याचा फोन येतो. पहिला प्रश्न, "अनंत कसा हाय?" शरद कसा आहे हे ती नंतर विचारते, वेळ उरला तर. शरद म्हणजे माझा नवरा, आणि या प्रवासाचा चालक.

यंदा एप्रिल संपता संपता अनंताची पानं पिवळी पडली. शिरा तेवढ्या हिरव्या. मी इंटरनेटवर गेले. तिथे सगळ्यांचं एकच म्हणणं, आधी आपला क्लायमेट झोन ओळखा. त्यांचे तक्ते हिवाळा किती कडक यावरून केलेले. कात्रपला कडक हिवाळा म्हणजे पंखा चारवरून दोनवर. बदलापूर कोकणात धरायचं की देशावर, हे हवेलाही ठरवता आलेलं नाही. घाम कोकणातला, ऊन देशावरचं, आणि भोवती डोंगर, म्हणजे दोन्ही बाहेर जायला वाट नाही. पारा चढला की आमचं नाव बातम्यांत येतं आणि सोसायटीच्या ग्रुपवर लोक एकमेकांचं अभिनंदन केल्यासारखे मेसेज टाकतात. अशा स्लॅबवर काय लावावं, हे कुठल्याही तक्त्यात नव्हतं. पापड, असं माझं उत्तर.

शेवटी खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "उल्हासनगरला जा. तीन नंबरला हिरवी जाळी स्वस्त मिळते." एवढ्यावर आमची सहल ठरली.

शनिवार: कॅम्प नंबर तीन

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी: सकाळी सातच्या आत निघा. आम्ही आठला निघालो, म्हणजे रस्त्यावर आमच्याबरोबर ऊनही होतं. स्कूटर नसेल तर अंबरनाथपर्यंत जा आणि पुढे शेअर रिक्षा पकडा. भर मे महिन्यात चौथा प्रवासी म्हणून पुढे ड्रायव्हरला चिकटून बसू नका. दोघांनाही आयुष्यभर पुरेल एवढी ओळख होते.

उल्हासनगरमध्ये दालपकवान खा. डाळ तिखट, पकवान कुरकुरीत, आणि खाऊन झाल्यावर पाण्याची तहान अशी लागते की झाडांबद्दल सहानुभूती आपोआप येते. बाजाराच्या गल्ल्यांत सावली भरपूर आहे, कारण दोन्ही बाजूंच्या दुकानांनी रस्त्यावर ताडपत्र्या ओढल्या आहेत. पूर्ण प्रवासात मला भेटलेली ही एकमेव यशस्वी शेडनेट.

जाळीच्या दुकानात गल्ल्यावर पन्नाशीचे एक सिंधी काका होते.

"दीदी, पचास परसेंट दूं या पचहत्तर?"

"फरक काय?"

"पचास में आधी धूप आती है. पचहत्तर में पाव. कहां रहते हो?"

"बदलापूर."

काकांनी माझ्याकडे दवाखान्यात बघतात तसं बघितलं. "साईं, आप पचहत्तर ले जाओ."

त्यांनी जाळी मापली, कापली आणि मग जो सल्ला दिला तो मी इथे लिहिते, म्हणजे तुम्ही तो पाळणार नाही. मागे कारखान्यांतून येणाऱ्या जीन्सच्या कातरणाची पोती होती. काका म्हणाले, "ये भी ले जाओ. गमले को लपेटो, पानी मारो. मटके जैसा ठंडा. हमारे यहां सब करते हैं."

शरदला हे पटलं. त्याला फुकट मिळालेली प्रत्येक गोष्ट पटते. "माठाला ओलं फडकं बांधतोच की आपण," तो म्हणाला. मलाही पटलं, कारण मला पटवून घ्यायचंच होतं. पोतं मांडीवर घेऊन मी बदलापूरला परतले. जीन्सचं पोतं उन्हात मांडीवर घेणं म्हणजे काय, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

जाळी लावली. झाडांपासून दोन हात वर लावा, पानांवर टेकवू नका, नाहीतर जाळीच तापून पानं भाजतात. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा. खाली विटा द्या. पाणी उजाडताना घाला. मेमध्ये खत घालू नका, कुंडी बदलू नका. तापाने फणफणलेल्या माणसाला आपण पुरणपोळी भरवत नाही, घरही बदलायला लावत नाही.

एवढं सगळं नीट करून सोमवारी मी अनंताच्या कुंडीला जीन्सचं कातरण गुंडाळलं, तीन पदरी, आणि पाणी मारून कामावर गेले.

माठाचं फडकं पांढरं असतं. माठ घरात असतो. माठ पाझरतो. ही तीन वाक्यं मला कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. गडद निळं कापड अकरापर्यंत कोरडं झालं आणि मग दिवसभर उन्हं पीत बसलं. संध्याकाळी मी कुंडीला हात लावला आणि काढून घेतला. मातीवर पाणी घातलं तर खालून निळं पाणी आलं. पानं हिरवी असताना गळू लागली, झाडाला कुणी हलवल्यासारखी. गुरुवारी फक्त काटक्या उरल्या.

रविवारचा फोन यायचा होता. शरद म्हणाला, "झाड घेऊनच जाऊ तिच्याकडे. तिचं आहे, तिला बघू दे."

त्याची ही एक सवय आहे. महिन्यातून एकदा बरोबर बोलतो.

पुढचा शनिवार: अंबरनाथमार्गे पालेगाव

या वेळी सहाला निघालो. स्कूटरच्या पाय ठेवायच्या जागेत कुंडी, शरदचे पाय दोन्ही बाजूंना बाहेर, मागे मी, एका हाताने शरदच्या खांद्यावरून पुढे छत्री धरलेली. छत्रीत आम्ही दोघंही नव्हतो. सिग्नलला एक रिक्षावाला बराच वेळ बघत राहिला. "काका, काडीला ऊन लागतंय काय?" त्याने विचारलं. शरद म्हणाला, "लागलंय. आता दवाखान्यात चाललोय."

अंबरनाथला आलोच आहोत तर शिवमंदिर बघू, असं ठरलं. प्रवासवर्णनात एक देऊळ लागतं. आत गाभाऱ्यात थंड आहे, पायऱ्या उतरून खाली जावं लागतं, आणि उतरताना अंगावर येणारा तो गारवा कुठल्याही एसीत नाही. मी कुंडी खाली न्यायला निघाले तर शरदने दंड धरला. "देव आहे तिथे. नर्सरी नाही." आम्ही पाळीपाळीने दर्शन घेतलं आणि बाहेरचा माणूस छत्री धरून उभा राहिला.

पालेगावात आता पत्ता विचारायचा तर झाडावरून, विहिरीवरून विचारता येत नाही. टॉवरची नावं इंग्रजी आहेत आणि गावातल्या बायका ती आपापल्या सोयीने म्हणतात. आत्याच्या संकुलाच्या जाहिरातीत चार हवामानांच्या चार बागा आहेत. वाळवंटी बाग, जपानी बाग, उष्णकटिबंधीय बाग आणि भूमध्य सागरी चौक. झोन शोधत मी इंटरनेटभर हिंडले, आणि इथे बिल्डरने एका कुंपणात चार झोन आणून ठेवलेले. मेमध्ये मात्र चारही एकाच झोनमध्ये होते. जपानी बागेत बांबू वाळून पडलेला. उष्णकटिबंधीय बागेतल्या केळी करपलेल्या. वाळवंटी बाग तेवढी छान होती, तिला काही अपेक्षाच नव्हत्या.

आत्या खालीच भेटली, भूमध्य सागरी चौकात, बाकावर. सकाळ-संध्याकाळ ती तिथेच बसते, असं तिचा मुलगा विलासदादा नेहमी सांगतो. फ्लॅटला बाल्कनी आहे, पण तिच्यात वॉशिंग मशीन आहे.

तिने मला बघितलं, मग शरदला, मग कुंडीला. शरद पुढे होऊन काही बोलणार तेवढ्यात ती म्हणाली, "ठेव खाली."

तिने नखाने एक काटकी खरवडली. आत तपकिरी. दुसरी खरवडली. तपकिरी. मी जाळी, कातरण, निळं पाणी सगळं सांगून टाकलं. ती ऐकत होती की नाही कळलं नाही. बुंध्यापाशी, मातीच्या बोटभर वर, तिने तिसऱ्यांदा नख लावलं आणि तिथे हिरवं दिसलं. तांदळाच्या दाण्याएवढं.

"जीन्स घातलीस तू त्याला," आत्या म्हणाली.

"हो."

"पोरांना पण सोसत नाय ती उन्हात." ती उठली. "चल. हितं लावू."

"इथे? आत्या, इथे परवानगी लागेल."

"हितं माझा रहाट होता. तू उभी हायस तिथं डोण, गुरांच्या पाण्याची." तिने चौकातल्या एका झाडाखालची जागा पायाने दाखवली. भोवतीची हिरवळ पिवळी होती, तेवढा तुकडा हिरवा. विहीर डबर टाकून बुजवली होती, पण पाण्याला कुणी ते सांगितलेलं नसावं.

तेवढ्यात वॉचमन आला. तरुण, उत्तरेकडचा, गणवेश घामाने काळा झालेला.

"अम्मा, यहां खोदना मना है. सेक्रेटरी साब गुस्सा करेंगे."

"तू खोदतो का?"

"नहीं."

"मग तुला कशाला बोलंल? उधर मुंडी कर."

"अम्मा, नौकरी का सवाल है."

"म्हणून तर सांगतो. उधर देख. पाठ कर इकडं."

तो खरंच वळला आणि हात मागे बांधून वाळवंटी बागेकडे बघत राहिला. आत्याने खुरपं काढलं. ते तिच्या पिशवीत का होतं, हे मी विचारलं नाही. शरदने खड्डा केला, मी कुंडी फोडून मातीसकट झाड काढलं, आत्याने वरच्या मेलेल्या काटक्या कापून टाकल्या आणि बाटलीतलं पाणी ओतलं. उरला बोटभर खुंट. त्यावर तिने तीन वाळक्या फांद्या तंबूसारख्या रोवून आपला जुना पांढरा रुमाल टाकला.

"हो गया, अम्मा?" वॉचमनने पाठमोरं विचारलं.

"काय झालं? काय पण नाय झालं," आत्या म्हणाली.

वर चौदाव्या मजल्यावर चहा आणि तांदळाची भाकरी झाली. निघताना आत्या लिफ्टपर्यंत आली. "आता मी बघतो त्याला. तू फोन कर आणि विचार," ती म्हणाली. मी हो म्हटलं. लिफ्टचं दार लागेपर्यंत ती बरी दिसत होती, गेल्या दोन वर्षांत दिसली नव्हती तेवढी.

परत कात्रपला

खर्च म्हणाल तर पेट्रोल, जाळी, दालपकवान आणि एक कुंडी. गच्चीवर जिथे ती होती तिथे स्लॅबवर गोल डाग आहे, काठाला निळा. जाळीखाली बाकीची झाडं तग धरून आहेत. कोरफड, सदाफुली, एक कढीपत्ता. ज्यांची कुणी चौकशी करत नाही अशी.

दोन रविवार मी फोन केला. पहिल्या रविवारी आत्या म्हणाली, "हिरवा हाय." दुसऱ्या रविवारी म्हणाली, "एक डोळा फुगलाय. फुटंल." मग बुधवारी विलासदादाचा मेसेज आला. भूमध्य सागरी चौकातली हिरवळ टिकत नव्हती म्हणून कमिटीने पूर्ण चौक खणून प्लास्टिकचं गवत बसवलं. सोबत फोटो. गवत फार हिरवं होतं, रुमालाचा तंबू कुठेच नव्हता. बाकावर आत्या होती, पाय वर घेऊन बसलेली, कारण ते गवत उन्हात तापतं. खाली लिहिलं होतं, "आई दोन दिवस जेवली नाही. तुला सांगू नको म्हणाली आहे."

या रविवारी मी नेहमीच्या वेळी फोन लावला. विचारलं, "अनंत कसा आहे, आत्या?"

मागे वॉशिंग मशीन चालू होतं.

"दोन पानं फुटली," ती म्हणाली. "कवळी हायत अजून. ऊन उतरलं की ये बघायला, आता नको."

"बरं," मी म्हटलं. "पाणी घालतेस ना?"

"घालतो की. रोज."

मी तिला पुढचं काही विचारलं नाही. तिने मला एकदा झाड दिलं तेव्हा पाठ केली होती, मीही केली.

आत्या इंटरनेटवर काही वाचत नाही. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला राहत असेल आणि चौकातल्या बाकावर ती दिसली, तर तिच्याशेजारी बसा, उन्हाबद्दल बोला. अनंताचा विषय तिने काढला तर पानं किती झाली ते तेवढं विचारा.