धड्यातली बाई

बाजारामागच्या बोळात शर्टांना काजं करणारी, पँट आखूड करून देणारी एक बाई बसते. गिऱ्हाइकं तिला काजंवाली म्हणतात. डावा पाय लहानपणीच लुळा पडला, तेव्हापासून काखेत कुबडी आहे. मशीन ती उजव्या पायाने चालवते आणि तोंड त्याहून वेगाने. पँट घट्ट झाली म्हणणाऱ्याला सांगते, "पँट होती तेवढीच आहे. तुमचं तुम्ही बघा."

तिचा धाकटा भाऊ चित्रकार. आई कामावर जायची, म्हणून त्याला हिनेच वाढवलं. चालायला शिकला तोही तिची कुबडी धरून. गेल्या वर्षी त्याला शाळेच्या वाचनपुस्तकाचं काम मिळालं. त्यात दयेवर एक धडा होता: मुलगी एका अपंग बाईला रस्ता ओलांडायला मदत करते. भावाने त्या बाईच्या जागी बहीणच काढली. तेच नाक, तीच वेणी, तीच कुबडी. चेहरा मात्र केविलवाणा. तिला विचारलं नव्हतं. घरच्या माणसाला काय विचारायचं?

पुस्तक वर्गात पोचलं आणि बोळातली पोरं तिचा दंड धरू लागली.

"काकू, चला, पलीकडे सोडते."

"मला पलीकडे जायचंच नाहीये, बाळा."

"पण धड्यात तुम्ही जाता ना."

शेजारचा चावीवाला हसून बेजार झाला. तीही हसली. पण मग येणाऱ्या-जाणाऱ्या बायका थबकून चुकचुकू लागल्या. गिऱ्हाइकांनी घासाघीस करणं सोडलं. हे मात्र तिला लागलं. तिने भावाला फोन केला.

"ते चित्र बदल. मी अशी तोंड पाडून कधी उभी होते रे?"

"चुकलंच, ताई. पुढच्या आवृत्तीत नीट करतो."

त्याने शब्द पाळला. नवं पुस्तक घेऊन स्वतः आला आणि पान उघडून मशीनवर ठेवलं. धड्यात आता एक आजोबा रस्ता ओलांडत होते. मागच्या फुटपाथवर बहीण होती. तेच नाक, तीच वेणी, चेहरा हसरा. ती ताठ चालली होती, दोन्ही पायांवर. कुबडी कुठेच नव्हती.

तिने त्या पावलांवरून बोट फिरवलं.

"आता बरोबर ना, ताई?"

"ही कोण?"

भाऊ मोठ्याने हसला. त्याला वाटलं, ताई नेहमीसारखा टोमणा मारतेय. हसतच तो चहा सांगायला गेला.