भुरीची सोबत

घोडेस्वारीची शाळा बंद झाली तेव्हा आठ घोडे विकले गेले. भुरी तेवढी राहिली. तेवीस वर्षांची घोडी कोण घेणार? मालकांनी तिच्यासाठी जुन्या मोतद्दाराला ठेवून घेतलं. सगळे त्यांना काकाच म्हणत. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी परगावी. घरी जायची घाई त्यांना कधीच नसायची.

रोज सकाळी ते भुरीचा एकेक पाय उचलून खुरातली घाण काढत, खरारा करत आणि तिच्याशी बोलत राहत. "काल भाजी पार करपली बघ," ते सांगत. भुरी कान हलवायची. तेवढं पुरे व्हायचं.

एका दुपारी तिने वैरणीला तोंडच लावलं नाही. पुढच्या पायाने जमीन उकरत ती सारखी वळून आपल्या कुशीकडे बघू लागली. काकांनी तिच्या पोटाला कान लावला. एरवी आत गुरगुर चालायची, आज सगळं चिडीचूप. हिरड्याही कोरड्या. त्यांनी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि त्या येईपर्यंत भुरीला हळूहळू फिरवत राहिले. ती बसायला बघायची, हे दोर धरून विनवायचे, "नको गं बाई, लोळलीस तर आतड्याला पीळ पडेल!"

बाईंनी इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून पोटात तेल सोडलं. दोन तासांनी भुरीने लीद टाकली. काकांना हसू आवरेना.

"पाणी कमी पीत होती का?" बाईंनी विचारलं.

"बाकीचे गेल्यापासून बादली अर्धीच राहते."

"तरीच सुकी वैरण आत अडकली. काका, घोडा कळपातला जीव. हिला सोबत हवी."

"मी आहे की!"

"तुम्हाला चार पाय कुठायत?"

बाई थट्टेत बोलल्या, पण काकांना ते लागलं. आठवडाभर त्यांनी तो विषय काढला नाही. बादली मात्र रोज पाहत होते. शेवटी त्यांनीच मालकांना सांगितलं, तिला इतर घोड्यांत पाठवू या. बाईंच्या ओळखीच्या एका मळ्यावर तीन म्हाताऱ्या घोड्या होत्या.

न्यायला गाडी आली, तर भुरी फळीवर पाऊल ठेवेना. मग काका आधी चढले. ती मुकाट मागोमाग आली. तिला बांधून ते बाजूच्या दाराने उतरले.

महिन्याने ते बसने तिला भेटायला गेले. भुरी अंगाने भरली होती. हाकेसरशी आली, त्यांचा खिसा हुंगला. काकांनी सवयीने तिचा ओठ वर करून पाहिलं. हिरड्या ओल्या, गुलाबी. खूरही साफ. त्यांना करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. इतक्यात एक घोडी कुंपणाकडे निघाली, तशी भुरीही तिच्यामागे गेली.

परतीच्या बसला दीड तास होता. थांब्यावर बसून त्यांनी मुलीला फोन लावला.

"छान आहे ती," म्हणाले. "सोबत मिळालीय तिला."

"बाबा, तुम्ही इकडे या ना राहायला."

"बघू," काका म्हणाले.