झाकण लावल्यावरची रेंज

त्याला सगळे रेंजवाला म्हणत. पाण्याची पातळी मोजून परस्पर ऑफिसला निरोप धाडणारी यंत्रं जिथे बसवायची, तिथे मोबाइलची रेंज पोचते का, हे तपासण्यात त्याची पंधरा वर्षं गेली होती. तेवढ्या वर्षांत एकही साहेब त्याच्या पसंतीस उतरला नव्हता, आणि उतरणार तरी कसा? हे महाभाग गाडीच्या टपावर चढून फोन उंच धरायचे, चार दांड्या दिसल्या की "पास!" म्हणून मोकळे. अहो, यंत्र काय टपावर बसणार आहे? ते बसतं जमिनीतल्या खड्ड्यात, लोखंडी झाकणाखाली!

ओढ्यावरच्या पुलापाशीही तेच झालं. पाणी चढलं की यंत्राने कळवायचं आणि ऑफिसने पुलाचं फाटक बंद करून रहदारी थांबवायची, असा बेत होता. रेंजवाल्याने यंत्र खड्ड्यात ठेवून झाकण लावलं. दहा निरोप पाठवले, एकही पोचला नाही.

"अँटेना बाहेर खांबावर काढावी लागेल, साहेब. महिना जाईल."

"उद्या उद्घाटन आहे. झाकण काढा नि पुन्हा बघा."

झाकण काढलं. दहाच्या दहा पोचले.

"झालं की! करा सही."

"पण झाकण लावल्यावर?"

"तुम्ही फार फाटे फोडता बुवा."

आणि जन्मभर दुसऱ्यांना नावं ठेवणाऱ्या या दीडशहाण्याने रिपोर्टवर मुकाट सही ठोकली.

संध्याकाळी तो तडक ताईकडे गेला. त्याची ही थोरली बहीण रोज पहाटे त्याच पुलावरून कारखान्यात जायची.

"ताई, उद्यापासून लांबच्या रस्त्याने जा. पुलाचं फाटक आता त्या यंत्राच्या भरवशावर, आणि ते यंत्र कुचकामी आहे. मूर्खांचा बाजार नुसता!" साहेबाच्या अकलेचे त्याने यथेच्छ वाभाडे काढले.

ताई कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती. "रिपोर्टवर सही कुणाची?"

त्याने उगाच एक टॉवेल घडी घालायला घेतला.

"तुझीच ना? म्हणजे मी वळसा घालायचा, आणि माझ्याबरोबरच्या बाया? त्यांना कोण सांगणार?" हातातली चादर तिने आपटली. "बोलायला तेवढा वाघ! लाज नाही वाटत?"

"नोकरी जाईल गं."

"जाऊ दे."

त्याचं तोंड एवढंसं झालं. तो उठला, चपला शोधू लागला.

"कुठे निघालास?"

"साहेबाच्या घरी. रिपोर्ट त्याच्याकडेच आहे, सही खोडून येतो."

"खोडल्याशिवाय या घरात जेवायला येऊ नकोस," ताई म्हणाली आणि चादर पुन्हा उचलली.